भाता आणि पोलाद

लोहारशाळेतील भात्याचे महत्त्व कोणाला नव्याने सांगावयास नको. कोळसा तोच, लोखंड तेच. पण भात्याची ओढ वाढली की तांबूस धुमसणारा विस्तव पाहता पाहता पांढरा होतो. अग्नीला इंधन लागते हे सर्वांना दिसते. त्याला वाराही लागतो, आणि तो वजनाने इंधनाच्या कितीतरी पट लागतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जाळावयाचे तर सुमारे १४.७ किलो हवा खर्ची पडते. एंजिनात पेट्रोल अधिक सोडणे हे सोपे काम आहे. द्रवपदार्थ पंपाने पाहिजे तितका ढकलता येतो. अडचण असते ती हवेची. साध्या एंजिनात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, खाली जाताना जी पोकळी निर्माण करतो तीत वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा शिरेल तेवढ्यावरच त्याला समाधान मानावे लागते. एंजिनाची शक्ती वाढविण्याच्या बहुतेक खटपटींचे मूळ या एका अडचणीत आहे.

ही अडचण दूर करणारे यंत्र मोटारीच्याही आधी जन्माला आले होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या दोघा बंधूंनी १८६० साली एका यांत्रिक भात्याचे पेटंट मिळविले. ओतशाळांतील भट्ट्यांना आणि खाणींना वारा पुरविणे हे त्याचे काम. पुढे १८८५ मध्ये गोटलीब डाइमलर याने अंतर्ज्वलन एंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ गाड्या असा भाता बसवून लोकांसमोर आल्या. ट्रकांशी त्याचा संबंध जडला तो १९३८ पासून. त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन-धावी डिझेल एंजिनांची एक मालिका बाजारात आणली. दोन-धावी डिझेलला जळका धूर बाहेर लोटण्यासाठी भात्याची गरजच असते. तेव्हा रूट्स बंधूंचा भाता या एंजिनांचा अविभाज्य भाग बनला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी तरुणांनी मोडीत निघालेल्या ट्रकांवरून हेच भाते उतरविले आणि आपल्या पेट्रोल गाड्यांवर चढविले. ट्रकाचा भाता शर्यतीच्या गाडीला लागला तो असा.

या भात्याला इंग्रजीत ‘सुपरचार्जर’ म्हणतात आणि तोच शब्द आता मराठीतही चालतो. भारतीय ट्रकांच्या डिझेल एंजिनांत रुळलेला ‘टर्बो’ हा त्याचा भाऊबंदच होय. भेद इतकाच की टर्बो हा धुराच्या झोताने फिरतो, तर सुपरचार्जर हा एंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरविला जातो. धुराचा झोत जोर धरीपर्यंत टर्बोला क्षणभर थांबावे लागते. सुपरचार्जरला तशी वाट पाहावी लागत नाही. पाय दाबताच तो हजर होतो. या तत्परतेची किंमत एंजिनाला रोख मोजावी लागते, हे पुढे दिसेलच.

शक्तिवाढीच्या या विद्येचा पाठ घ्यावयाचा तर अमेरिकेतील एक गाडी त्यासाठी फार सोयीची आहे. फोर्ड कंपनीने १९९९ ते २००४ या वर्षांत ‘एफ-१५० लाइटनिंग’ नावाचा सुपरचार्जरयुक्त ट्रक विकला. ट्रक म्हटल्यावर भारतीय मनासमोर दहाचाकी मालमोटार उभी राहते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. (२०२२ मध्ये याच नावाने विजेवर चालणारी गाडी निघाली; तिचा येथे संबंध नाही.) या ट्रकात ५.४ लिटर क्षमतेचे, आठ सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन होते. प्रारंभी त्याची शक्ती ३६० अश्वशक्ती होती. २००१ पासून ती ३८० झाली. वातावरणाचा दाब दर चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड असतो. त्यावर आणखी ८ पौंडांचा दाब हा भाता चढवीत असे.

भात्याची अंतर्रचना समजावयास उसाचा चरक डोळ्यांसमोर आणावा. चरकात दोन लाटा एकमेकींत अडकून उलट दिशांनी फिरतात, आणि ऊस त्यांच्या मधून पिळून निघतो. या भात्यातही पाकळ्यांचे दोन रोटर असेच एकमेकांत गुंतून फिरतात. पण साम्य येथेच संपते. येथे हवा दोहोंच्या मधून न जाता, पाकळी आणि बाहेरचे कवच यांच्यामधल्या खोबणीत बसून कडेकडेने पलीकडे जाते. मध्यभागी पाकळ्या इतक्या निकट असतात की तिला परतीची वाट उरत नाही. म्हणजे हा भाता हवेला स्वतः पिळीत नाही. तो तिला नुसती पलीकडे नेऊन टाकतो. पलीकडे एंजिन जेवढी घेऊ शकते त्याहून अधिक हवा येऊन साचली की दाब आपोआप चढतो. लाइटनिंगवरचा ईटन कंपनीचा भाता एका फेऱ्यात ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर हवा पुढे ढकलतो. एंजिनाला स्वतःच्या एका फेऱ्यात २.७ लिटर लागते. तेव्हा भाता एंजिनाच्या किती पट वेगाने फिरतो यावरच दाब ठरतो, आणि तो वेग ठरतो पट्ट्यावरच्या दोन पुलींच्या व्यासांवरून.

मोह उत्पन्न होतो तो येथेच. वरची पुली दहा टक्क्यांनी लहान केली की भाता अकरा टक्के अधिक वेगाने फिरू लागतो. पुलीची किंमत थोडी, काम एका दुपारचे, आणि फरक मात्र पहिल्याच चढावर पाठीला जाणवणारा. अशा ट्रकाचा मालक या टप्प्यावर अगदी खूश असतो. त्याचे एंजिनही बाहेरून पाहता सुखरूप असते. परंतु आत कोणती उलथापालथ झाली हे त्या पुलीवरून कळत नाही.

पहिली गोष्ट उष्णतेची. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, हा अनुभव घरोघरचा आहे. ३० अंश उष्णतेची हवा ८ पौंडांनी दाबली असता, या जातीच्या भात्याची कार्यक्षमता ध्यानात घेता, ती १०० अंशांच्या आसपास जाऊन पोहोचते. तोच दाब १२ पौंडांवर नेला तर ती १४० अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा विरळ होते. म्हणजे दाबून मिळविलेले बरेचसे तापण्यात गमवावे लागते. ८ पौंडांचा दाब म्हणजे कागदावर ५४ टक्के अधिक हवा; परंतु ती निववली नाही तर प्रत्यक्षात हाती लागतात जेमतेम २५ टक्के. म्हणूनच लाइटनिंगच्या भात्याखाली पाणी खेळविणारा एक शीतक बसविलेला असतो. हवा त्याच्या पातळ पत्र्यांतून गाळून सिलिंडरांकडे जाते, आणि त्यातील ऊन पाणी गाडीच्या पुढच्या बाजूस जाऊन निवून परत येते. जाणता कारागीर पुलीला हात लावण्याआधी या पाण्याचा पंप आणि पुढचा शीतक मोठा करतो. भाता फिरविण्यातही तीस-चाळीस अश्वशक्ती एंजिनाला आपल्या पदरची द्यावी लागते. पुली लहान होताच हा करही वाढतो. स्वीडनमधील आल्फ लिसहोम याने १९३० च्या दशकात विकसित केलेल्या मळसूत्री भात्यात हवा दोन मळसूत्रांमध्ये खरोखरच दाबली जाते, त्यामुळे ती तुलनेने कमी तापते. अधिक दाब हवा असणारे लोक पुढे त्याच्याकडे वळतात. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांवरच्या लेहसारख्या ठिकाणी वातावरणाचा दाब सुमारे दोन-तृतीयांशावर येतो. तेथे तर भात्याचे पहिले काम गमावलेले परत मिळविणे हेच असते.

दुसरी गोष्ट हिच्याहून घातक. ठिणगी पडल्यानंतर सिलिंडरातील ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरत गेली पाहिजे. परंतु आतील वायू फार तापलेला आणि फार दाबलेला असला, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील उरलासुरला वायू आपण होऊन भडकतो. बाहेर ऐकणाऱ्याला टाचण्यांचा डबा हलविल्यासारखा आवाज येतो. कारागीर त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. आत मात्र पिस्टनवर हातोड्याचे घाव पडत असतात. पेट्रोलचा ऑक्टेन-अंक म्हणजे हे आपोआप भडकणे टाळण्याची त्याची शक्ती. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेच्या पंपांवर लिहिलेला ९१ किंवा ९३ हा अंक दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी असतो. भारतात सांगितला जाणारा अंक त्यांपैकी एकाच, आणि तीही मोठा अंक देणाऱ्या चाचणीचा असतो. म्हणून दोन देशांतील सारखे आकडे सारख्या पेट्रोलाचे नव्हेत. लाइटनिंगच्या रचनाकारांनी संपीडनाचे प्रमाण मुद्दामच ८.४ इतके कमी ठेवले होते, ते याच भीतीने. पुली बदलणारा मनुष्य नकळत त्यांची ती शिल्लक खर्च करीत असतो.

ती संपली की काय होते हे पाहण्यासाठी एंजिनाच्या तळघरात उतरले पाहिजे. या एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ९०.२ मिलीमीटर आहे आणि पिस्टनची धाव १०५.८. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोंचा दाब धरला तरी पिस्टनवर पाच टनांचे ओझे येते. आणि ते सारे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडमधून खाली जाते. हे झाले दाबण्याचे. ओढण्याचे ओझे त्याहूनही कपटी असते. मिनिटाला ५,००० फेरे होत असताना प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थबकतो आणि उलटा फिरतो; त्या वळणावर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट हिसका बसतो. तेथे दर किलो वजनामागे दोन टनांची ओढ रॉडवर पडते. फेरे ५,००० वरून ६,००० वर नेले तर ही ओढ वीस टक्क्यांनी वाढेल असे वाटते. पण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ४४ टक्क्यांनी वाढते. ज्याला शक्ती वाढवावयाची आहे त्याने ती दाब वाढवून मिळवावी की फेरे वाढवून, हा निर्णय या दोन ओझ्यांचा हिशेब मांडूनच घ्यावयाचा असतो. लांब धावेच्या एंजिनात फेऱ्यांच्या वाटेला न जाणे हेच शहाणपणाचे.

कारखान्यातून आलेले रॉड धातूच्या भुकटीपासून घडविलेले असत. भुकटी साच्यात दाबून, भाजून, पुन्हा ठोकून केलेला हा रॉड स्वस्त आणि मापाला अचूक असतो. ३८० अश्वशक्तीला तो पुरेसाही होता. त्याच्या दुप्पट ताणाची अपेक्षा त्याच्याकडून कोणी केली नव्हती. तो वाकतो किंवा तुटतो. आणि तुटला की त्याचे उरलेले टोक एंजिनाची भिंत फोडून बाहेर डोकावते. त्यानंतर दुरुस्ती हा शब्दच उरत नाही. सारा खटाटोप एका क्षणात भंगाराच्या भावाने विकावा लागतो. म्हणून शक्तिवाढीच्या कामात पहिला खरा खर्च रॉडवर होतो. निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचे घडीव रॉड घालतात. अमेरिकन परिभाषेत या पोलादाचा क्रमांक ४३४० आहे. रॉडइतकेच त्याच्या बोल्टांकडे लक्ष द्यावे लागते. बोल्ट योग्य ताणाने आवळलेला असेल तरच रॉडची दोन शकले ओढीच्या वेळी एकमेकांना सोडीत नाहीत. हा ताण पान्याच्या अंदाजाने नव्हे, तर बोल्ट किती लांबला हे मोजून ठरविणारे कारागीर विश्वासार्ह समजावेत.

पिस्टनची कथा जराशी निराळी आहे. मूळचे पिस्टन ओतीव अॅल्युमिनियमचे असून त्यात सिलिकॉनचे प्रमाण भरपूर असते. सिलिकॉनमुळे पिस्टन झिजत नाही आणि तापला तरी फारसा फुगत नाही; पण तोच सिलिकॉन त्याला काचेसारखा ठिसूळही करतो. नॉकिंगचे चार घाव बसले की कड्यांच्या मधला काठ तुटून पडतो. त्याच्या जागी घडीव पिस्टन येतात. त्यांतही दोन जाती आहेत: एकीत सुमारे १२ टक्के सिलिकॉन राहू दिलेला असतो, दुसरीत तो नाममात्र असून तांब्याची भर असते. दुसरी जात अतिशय चिवट, पण तापल्यावर अधिक फुगणारी. त्यामुळे ती सिलिंडरात थोडी सैल बसवावी लागते आणि थंडीच्या सकाळी एंजिन सुरू करताच खटखट करते. मालक घाबरतो, वस्तुतः पाचेक मिनिटांत पिस्टन तापून आवाज थांबतो. रोज बाजारहाट करणाऱ्या ट्रकाला पहिली जात बरी, आणि शर्यतीच्या दिवसांपुरत्या गाडीला दुसरी. हा विवेक न करता सर्वांनी सर्वांत चिवट तेच घ्यावे, असा सल्ला देणारे दुकानदार पुष्कळ भेटतात.

पिस्टनच्या कड्यांविषयी एक बारकावा आहे, आणि अनेक महागडी एंजिने त्यापायी गेली आहेत. कडे हे पूर्ण वर्तुळ नसते. त्याला एक फट असते. तापल्यावर कडे लांबते आणि ही फट भरत येते. भात्याच्या एंजिनात उष्णता अधिक, म्हणून फटही अधिक ठेवावी लागते. शंभर मिलीमीटर व्यासामागे अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, किंवा थोडी वर. साध्या एंजिनाच्या सवयीने फट अरुंद ठेवली, तर भर वेगात कड्याची दोन टोके एकमेकांना भिडतात, त्याला पुढे सरकावयास जागा राहत नाही आणि ते पिस्टनचा माथाच उचकटून काढते. हा दोष पिस्टन बनविणाऱ्याच्या माथी मारला जातो. खरा दोष असतो दहा मिनिटांची कानस न चालविण्याचा.

वरच्या मजल्यावर, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, या एंजिनाचे एक जन्मजात वैगुण्य आहे. त्या वर्षांतील या कुळातील एंजिनांच्या अॅल्युमिनियम हेडमध्ये स्पार्क प्लगसाठी फारच थोडे आटे कापलेले असत. प्लग किंचित ढिला राहिला तरी स्फोटाचा दाब ते थोडे आटे झिजवीत जातो, आणि एक दिवस प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकला जातो. दाब वाढविलेल्या एंजिनात ही शक्यता वाढणारच. हेड खाली उतरलेलेच असेल तर त्याच वेळी तेथे पोलादी आट्यांच्या नळ्या बसवून घ्याव्यात. हेड आवळणारे मूळचे बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात. त्यांच्या जागी दणकट स्टड आणि अनेक पदरी पोलादी गॅस्केट घालतात. तेलपंपाच्या आतील दाते बदलण्याचा खर्च पुष्कळांना अनाठायी वाटतो, कारण तो शक्ती एका घोड्यानेही वाढवीत नाही. पण धातूच्या भुकटीचे ते दाते जोराच्या कंपनांनी तडकले, तर नव्या रॉडांची आणि पिस्टनांची शोभा काही सेकंदांचीच ठरते.

इंधनाचा हिशेब शेवटी करण्याची रीत आहे. तो खरे तर आरंभी व्हावा. ३८० अश्वशक्तीच्या भरात असे एंजिन ताशी सुमारे १०० किलो पेट्रोल पिते. ५०० अश्वशक्तीला ते १३५ किलोंच्या वर जाते. इतके मागणे पुरे करण्यास पंप आणि इंजेक्टर दोन्ही मोठे लागतात. भर दाबाखाली मिश्रण मुद्दाम दाट, म्हणजे एक भाग पेट्रोलास साडेअकरा ते बारा भाग हवा, असे ठेवतात. कारण जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते. पंप कमी पडला की मिश्रण पातळ होते, उष्णता चढते, नॉकिंग सुरू होते, आणि वर सांगितलेली सारी साखळी उलट्या क्रमाने तुटू लागते. एंजिनाच्या संगणकातील कोष्टके या नव्या मापांप्रमाणे पुन्हा लिहून घ्यावी लागतात. हे काम गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, मिश्रणाचा मापक धुराच्या नळीत ठेवून केले जाते. ठिणगीची वेळ एकेका अंशाने पुढे आणायची आणि नॉकिंगची चाहूल लागताच दोन अंश मागे घ्यायची, असे ते चिकाटीचे काम असते.

शक्ती वाढली की गिअरपेटीतील घर्षणाच्या चकत्या, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक यांचाही विचार करावा लागतो; विशेषतः ब्रेकचा, कारण हौदा रिकामा असलेला ट्रक मागच्या बाजूने हलका असतो. कायद्याचेही भान ठेवावे लागते. अमेरिकेतील स्वच्छ हवेच्या कायद्याने धुरावरील नियंत्रणाची साधने काढून टाकणे निषिद्ध ठरविले आहे, आणि कॅलिफोर्नियात तर असा प्रत्येक सुटा भाग विकण्यापूर्वी राज्याच्या हवा-मंडळाची मान्यता मिळवावी लागते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत फेरफार करण्यास आडकाठी करते. तेव्हा मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनी हे वर्णन ऐकून पुलीचा शोध घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढणे बरे.

नवे एंजिन जुळून आल्यावर पहिले काही शे किलोमीटर भात्याचा दाब फारसा चढू न देता, परंतु एका ठरावीक वेगाला खिळून न राहता चालवितात. त्यामुळे कडी सिलिंडराच्या भिंतीशी बसून येतात. मग तेल काढतात. गाळणीचे डबडे कापून तिचा कागद उलगडतात आणि उन्हात धरून पाहतात. पहिल्या वेळी त्यावर थोडी करडी चमक असावयाचीच. चुंबक फिरवून पोलादाचे कण वेगळे काढतात, बेअरिंगांच्या धातूची पापुद्री कोठे दिसते का ते शोधतात, आणि नवे तेल भरून पुन्हा तितकेच अंतर चालवितात. दुसऱ्या गाळणीचा कागद स्वच्छ निघाला, तर त्या दिवशी मूळची पुली उतरवून लहान पुली चढविली जाते.